संगणकाला भुवया नसतात

मानवजातीच्या इतिहासात खऱ्या अर्थाने तीनच शोध लागले: अग्नी, चाक आणि पानजोड. पहिल्या दोहोंची जगाला माहिती आहे. तिसऱ्याची नाही, आणि त्याचा दोष मुकादम जगाला देत असत.

हे मत अर्थातच मुकादमांचं स्वतःचं. त्यांच्या बायकोचं मत जरा वेगळं होतं आणि ते ती भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, प्रसंगी पाहुण्यांदेखतही मांडत असे. ती म्हणे, "अग्नी आणि चाक निदान वापरतात तरी लोक."

पानजोड म्हणजे संगणकावरचा एक प्रोग्राम. त्याचं काम साधं, पण डोकं फिरवणारं. आठ पानांची पुस्तिका छापून मधोमध दुमडायची असेल, तर कागदाच्या एका बाजूला आठवं आणि पहिलं पान शेजारी शेजारी छापावं लागतं, मागे दुसरं आणि सातवं. हे मनात जुळवायला गेलेला माणूस दुसऱ्या कागदापर्यंत पोचता पोचता चुलत्याला मामा म्हणू लागतो. पानजोड हे आपोआप जुळवून देत असे. पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या खरेदी विभागात दिवस काढून मुकादम घरी आले, की बैठकीच्या खोलीतल्या खिडकीखालच्या टेबलाशी बसून हा प्रोग्राम वर्षानुवर्षं घडवत होते.

तो ओपन सोर्स होता. म्हणजे खानावळवाल्याने भटारखाना भर रस्त्यावर मांडावा, तसा प्रकार. कुणीही यावं, कढईत डोकावावं, मीठ कमी असेल तर घालावं, पोटभर जेवावं आणि पैसे न देता जावं. प्रत्यक्षात लोक पाचवीच अट काटेकोरपणे पाळत. कढईत कुणी डोकावत नसे. सुरुवातीला हात लावायला बरेच जण आले होते. त्या बिनपगारी मजुरांवर देखरेख करणारा म्हणून यांचं नाव मुकादम पडलं. मजूर पांगले, नाव राहिलं.

उरला एकच सहकारी. तो दूरदेशी रेल्वेच्या सिग्नलांचं काम करी आणि फावल्या वेळात मुकादमांच्या प्रत्येक सूचनेवर हरकत घेई. सगळे त्याला हरकतमास्तर म्हणत. या दोघांनी एकमेकांना कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. म्हणूनच बहुधा संबंध टिकून होते.

दोघांत वाद झाला की तो मिटवायची एक पद्धत पडून गेली होती. मुकादम म्हणत डावीकडे, हरकतमास्तर म्हणत उजवीकडे. कडाक्याची जुंपे. शेवटी कुणीतरी दमून म्हणे, "जाऊ द्या, सेटिंगमध्ये एक चौकोन टाकू." ज्याला डावीकडे हवं त्याने चौकोनात टिक करावी, ज्याला नको त्याने करू नये. दोघांचंही खरं, हार कुणाचीच नाही. त्यामुळे पानजोडची सेटिंगची खिडकी म्हणजे जुन्या तहांचं दफ्तरच झाली होती. एका खिडकीत दुसरी, दुसरीत तिसरी, आणि जिकडेतिकडे चौकोनच चौकोन. केलेली सेटिंग लक्षात ठेवायची की नाही, यावरही एकदा रणकंदन झालं होतं. त्याचाही चौकोन होता. तो शोधून त्यात टिक केली तरच बाकीच्या टिका लक्षात राहत. नाहीतर प्रोग्राम बंद केला की सगळं मुसळ केरात.

या सगळ्यात मुकादमांचा लाडका चौकोन एक होता: 'सुधारित समास'. दुमडीपाशी पानाला केसभर जास्त जागा मिळावी, म्हणून त्यांनी हरकतमास्तरांशी घनघोर युद्ध केलं होतं, आणि ते जिंकले होते. कागद हातात घेऊन ते बायकोला म्हणत, "बघ, पान कसं श्वास घेतंय!"

"त्याला म्हणावं, जरा केरही काढ," बायको म्हणे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना संचवाल्यांचा निरोप आला.

हे संचवाले म्हणजे अशा फुकट प्रोग्रामांची मोट बांधून ती लोकांच्या संगणकांवर पोचवणारी मंडळी. त्यांच्या संचात असलात तर तुम्ही आपसूक देशोदेशीच्या घरांत जाता. नसलात, तर तुमचा पत्ता तुमच्या बायकोला ठाऊक असतो, तेवढंच. निरोपात मोजकं लिहिलं होतं. लोक पानजोड उघडतात, थोडा वेळ बघतात आणि बंद करतात. पुढच्या संचात ते ठेवावं की काढावं, असा विचार चालू आहे. तत्पूर्वी तुमची इच्छा असेल तर आमच्या डिझाइनर बाई येऊन पाहतील.

मुकादम खुर्चीतून उठले. "लोक आरशात बघतात, थोडा वेळ थांबतात आणि निघून जातात. म्हणून आरसा फोडतात का?"

"अहो, पण आरशात चेहरा तरी दिसतो," बायको म्हणाली. "बोलवा त्या मुलीला. काढून टाकलं तर तुम्ही संध्याकाळभर माझ्या मागे मागे फिराल. मला नाही परवडायचं."

तिने हे हसत म्हटलं, पण मुकादम पुन्हा खुर्चीत बसले. कारखान्यातल्या खरेदीची आठवण मागे कुणी ठेवणार नव्हतं. आयुष्यात स्वतःचं म्हणून काही उभं केलं असेल, तर ते हेच.

डिझाइनर बाई आल्या त्या पाठीवर पिशवी टाकून. वयाने मुकादमांच्या पुतणीएवढ्या. त्या काहीतरी शिकवतील, अशा अपेक्षेने मुकादम दंड थोपटून बसले होते. बाईंनी शिकवलं काहीच नाही. नुसतं विचारत राहिल्या. मुकादमांनी सेटिंगची खिडकी उघडली आणि एकेका चौकोनाचा इतिहास सांगितला: कोण काय म्हणालं, कुणी माघार घेतली. बाई रस घेऊन ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं,

"आणि वापरणारे काय म्हणाले?"

"कशाबद्दल?"

"कशाहीबद्दल."

मुकादमांनी घसा साफ केला. "वापरणारे खूप आहेत. जगभर."

"एखादा ओळखीचा?"

मुकादम विचारात पडले. मग आणखी खोल विचारात पडले. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "तुमच्या आत्याबाई आहेत की! बसवून दिलं होतंत ना त्यांच्या संगणकावर. नंतर विचारलंत कधी?"

"बिघडलं असतं तर बोलली असती ती," मुकादम म्हणाले.

"असं आपल्याला वाटतं," बाई म्हणाल्या. "डिझाइन थिंकिंग म्हणतात ना, त्यातली पहिली पायरी तेवढीच. उत्तर देण्याआधी माणसाकडे बघायचं. आपण जाऊ, त्यांच्या मागे बसू, त्यांचं काम बघू. एकच नियम आहे."

"कोणता?"

"तुम्ही बोलायचं नाही."

स्वयंपाकघरात काहीतरी हातातून पडल्याचा आवाज झाला. बायको दारात आली. तिच्या चेहऱ्यावर कैक वर्षांनी निखळ आदर दिसत होता. "मुली," ती म्हणाली, "हे जमत असेल तर मलाही शिकव."

आत्याचा पुस्तकबांधणीचा कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत उंच टेबल, त्यावर दोऱ्याची रिळं, घडी दाबायची हाडाची चपटी पट्टी आणि खळीचं भांडं. भिंतीला टेकवून पुठ्ठ्यांचे मोठे ताव. मागच्या खोलीत कागद कापायचं लोखंडी मशीन, दाबून ठेवायचा चक्राचा प्रेस, आणि कोपऱ्यात संगणक. त्यावर खळीचे ठसे असे काही उमटले होते, की चोर आला असता तर पोलिसांचं काम फार सोपं झालं असतं.

"ये ढब्बू," आत्या म्हणाली. मुकादमांनी बाईंकडे पाहिलं नाही. "वाळलास की रे. आणि ही कोण?"

बाईंनी ओळख करून दिली. "आत्या, तुम्ही एरवी जसं करता तसंच करा. आमच्याकडे बघू नका. फक्त जे मनात येईल ते मोठ्याने बोला."

"ते मी एरवीही करते."

आत्याला वाचनालयाच्या माहितीपुस्तिकेचं काम आलं होतं. तिने पानजोड उघडलं, आणि उघडल्या उघडल्या सेटिंगमध्ये शिरली. एका खिडकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. "कुठे गेला मेला... हा नव्हे... हाही नव्हे..." एकदा तर ती पार बाहेरच पडली आणि प्रोग्रामच बंद झाला. तिने निमूटपणे तो परत उघडला, आणि पुन्हा पहिल्यापासून.

मुकादमांचा उजवा हात आपोआप पुढे गेला. बाईंनी तो धरून खाली ठेवला, आणि अखेरपर्यंत त्यावर आपली वही ठेवून दिली.

शेवटी आत्याला हवं ते सापडलं. 'सुधारित समास'. तिने टिक केली, कपाळावरचा घाम पुसला आणि छपाईचं बटण दाबलं.

"आत्या, हा चौकोन कशासाठी?" बाईंनी विचारलं.

"मला काय ठाऊक! ढब्बूने बसवून देताना बजावलं होतं, 'आत्या, काहीही विसर, पण हा चौकोन विसरू नकोस.' म्हणून दर वेळी शोधते. कधी नाही सापडला तर बंद करते आणि दुसऱ्या दिवशी बघते."

"उघडतात, थोडा वेळ बघतात आणि बंद करतात," बाई हळूच म्हणाल्या. मुकादमांनी छताकडे बघितलं. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

आत्याने छापलेले कागद दुमडले, एकात एक घातले, मधोमध टाके घातले, आणि कडा साफ करायला मशीनखाली धरून पातं ओढलं. मधली पानं उघडून पाहिली आणि करवादली, "पुन्हा! हे बघ, मधल्या पानांचे आकडे अर्धे उडालेत. धार लावणारा लुच्चा आहे. किती वेळा सुनावलं त्याला. पातं तिरकं लावतो आणि वर शपथा घेतो!"

मुकादमांना बोलायची परवानगी मिळाली. ते दुमडीपाशीच्या समासाबद्दल आणि पानाच्या श्वासाबद्दल बराच वेळ बोलले. ते थांबल्यावर बाईंनी आत्याला एक पान टिक करून आणि एक टिक न करता छापायला सांगितलं. मग दोन्ही कागद पाठीमागे नेऊन आलटूनपालटून खिडकीच्या काचेवर धरले.

"यातलं श्वास घेणारं कुठलं?"

"हे काय विचारणं झालं? हे, डावीकडचं. बघा ना, किती मोकळं वाटतंय!"

बाईंनी कागद उलटला. मागे बारीक पेन्सिलीने लिहिलं होतं: बिनटिक.

दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले. अक्षर अक्षरावर बसलं, समास समासावर. ढब्बू काही बोलला नाही. या वेळी त्याला कुणी मनाई केली नव्हती.

घरी येऊन मुकादमांनी जे केलं, ते करायला सगळं जग मुखत्यार होतं आणि आजवर कुणीच केलं नव्हतं. त्यांनी त्या चौकोनामागचा कोड उघडून वाचला. चौकोनात टिक झाली की प्रोग्राम ती नोंदवून घेत होता. नोंदवून एका जागी नीट ठेवत होता. आणि पुढे त्या जागेकडे कुणीही, कधीही फिरकत नव्हतं. अर्ज घ्यायचा, पोच द्यायची आणि फडताळ लावून घ्यायचं, असा चोख कारभार.

कोड हरकतमास्तरांनी लिहिलेला होता. मुकादमांनी त्यांना फोन लावला.

"सापडलं होय," हरकतमास्तर म्हणाले. आवाजात लाज नव्हती. असलीच तर सुटका होती. "मुकादम, तुम्ही मला सळो की पळो करून सोडलं होतंत. तुम्ही म्हणत होतात तसं केलं तर शेवटची ओळ पुढच्या पानावर जात होती. म्हटलं, तात्पुरता नुसता चौकोन टाकू, आतलं मागाहून जोडू. आणि दुसऱ्याच दिवशी तुमचा निरोप आला, 'वा! पान श्वास घेतंय!' आता श्वास चालू असलेल्या पेशंटला कशाला हात लावायचा?"

"पण ही फसवणूक आहे!"

"कोड उघडा होता, मुकादम. दाराला कडी नव्हती." मग क्षणभर थांबून हरकतमास्तरांनी विचारलं, "बरं, माझा तो 'जलद छपाई'चा चौकोन... तो तुम्ही जोडला होतात ना? चांगलाच फरक पडतो मला त्याने."

"हॅलो?" मुकादम म्हणाले. "आवाज तुटतोय तुमचा. हॅलो?"

त्यांनी फोन ठेवला. बायको दारात उभी होती. कितपत ऐकलं असावं याचा अंदाज तिच्या चेहऱ्यावरून येत नव्हता. म्हणजे सगळंच ऐकलं होतं.

मुकादमांना वाटलं होतं तसा रागबिग काही आला नाही. आलं ते वेगळंच काहीतरी, लहानपणी घड्याळ उघडून बसायचे तेव्हा यायचं तसलं. आपण हा प्रोग्राम इतकी वर्षं बनवतोय, आणि तो आत काय करतो, बाहेर लोक त्याचं काय करतात, हे दोन्ही आपल्याला माहीत नाही? मग अजून काय काय माहीत नाही?

पुढच्या भेटीला बाईंनी संगणकाला हात लावू दिला नाही. आत्याच्या पुठ्ठ्यांतून त्यांनी एक जाडजूड ताव मागून घेतला, मधोमध चौकोनी खिडकी कापली आणि तो टेबलावर उभा केला. हा पडदा. वहीच्या पानांचे तुकडे कापून त्यांवर बटणं काढली. हा प्रोग्राम.

"आत्या, तुम्ही बोट लावलंत की बटण दाबलं गेलं असं समजायचं. मुकादम, तुम्ही पुठ्ठ्यामागे बसायचं आणि त्या दाबतील तसा पुढचा कागद खिडकीत सरकवायचा. तुम्ही संगणक. संगणक बोलत नाही."

"हे पोरखेळ कशाला? दोन दिवसांत खराखुरा करून देतो."

"खराखुरा केलात तर तुम्हाला तो मोडवणार नाही. कागद फाडता येतो."

खेळ सुरू झाला. आत्याने बोट लावलं, मुकादमांनी कागद सरकवला. तिने एका चित्रावर बोट ठेवून विचारलं, "ही चोपडी उभी की आडवी रे?" संगणक गप्प. पण आत्याने भलतीकडे बोट नेलं, की पुठ्ठ्याच्या वरून दोन भुवया उंचावत. बरोबर जागी आणलं की खाली येत. आत्या हुशार, थोड्याच वेळात ती पडद्याकडे न बघता भुवयांकडे बघून बटणं दाबू लागली.

"मुकादम," बाई म्हणाल्या, "संगणकाला भुवया नसतात."

मुकादमांनी डोक्यावर रुमाल ओढून घेतला. मग आत्याला विचारायची सोय राहिली नाही आणि ती खरोखर अडखळू लागली. जिथे अडे, तिथला कागद बाई फाडत आणि नवा काढत. मुकादमांनी खिशात एक तुकडा लपवून आणला होता. त्यावर बारीक अक्षरात 'सेटिंग' असं लिहिलं होतं. वेळ बघून त्यांनी तो हळूच खिडकीच्या कोपऱ्यात सरकवला.

"हे काय मध्येच उगवलं?" आत्या म्हणाली.

"झुरळ आहे," बाई म्हणाल्या आणि तो तुकडा उचलून चुरगाळला.

शेवटी आत्याने 'छापा'वर बोट ठेवलं. संगणकाने आधीच छापून ठेवलेले कागद खिडकीतून बाहेर दिले. आत्याने ते सवयीने दुमडले, एकात एक घातले, टाके घातले आणि मशीनकडे निघाली.

बोलायची बंदी असलेला माणूस करणार काय? बघणार. मुकादम रुमालाखालून बघत होते. आत्याच्या हातातल्या पुस्तिकेची कड सरळ नव्हती. बाहेरची पानं मागे, त्यांच्या आतली जरा पुढे, आणि अगदी मधली तर शाळेतल्या द्वाड पोराने जीभ काढावी तशी बाहेर आलेली.

"आत्या, थांब! कापू नकोस!"

"संगणक बोलला," बाई म्हणाल्या.

"बोलला तर बोलला! हे बघा ना. मधली पानं बाहेर का आलीत?"

"ती नेहमीच येतात," आत्या म्हणाली. "म्हणून तर कापते."

तिघंही टेबलाभोवती गोळा झाले. मुकादमांनी पुस्तिका सोडवली, पुन्हा दुमडली. पुन्हा जीभ. पातळ कागदाची केली. जीभ जेमतेम. जाड कागदाची केली. जीभ हातभर, म्हणजे मुकादमांच्या भाषेत हातभर. आतल्या पानाला बाहेरच्या पानांच्या जाडीला वळसा घालावा लागतो, म्हणून ते पुढे ढकललं जातं. कागद जितका जाड तितकं जास्त. मग पातं सरळ जाऊनही मधल्या पानांचा आकडा उडवतं.

"मला हे माहीत नव्हतं," बाई खुशीत म्हणाल्या. त्यांनी जमिनीवर बैठक मारली आणि कागद मागितले. आत्याने सगळ्या जातींचे आणून टाकले. दुपारभर तिघंही फरशीवर बसून घड्या घालत होते, पट्टीने मोजत होते आणि एकमेकांचं मोजमाप चुकीचं ठरवत होते. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तर आत्याने त्यालाही एक घडी घालायला लावली.

"इतकी वर्षं रोज माझ्या हाताखालून जातंय," आत्या म्हणाली. "पण मी दिसलं की कापून टाकते ना. मग बघणार कधी?"

"आणि तो धार लावणारा?" बाईंनी विचारलं.

आत्या विचारात पडली. "राहू दे. त्याला नका सांगू. डोक्यावर बसेल."

म्हणजे समासाला खरोखरच जागा हवी होती. फक्त सगळ्या पानांना सारखी नव्हे, आणि मुकादमांना वाटत होतं तिथे नव्हे. आत्याला चौकोन नको होता. तिला एवढंच सांगता यायला हवं होतं, की कागद जाड आहे की पातळ. बाकीचं सरकवासरकवीचं काम प्रोग्रामचं.

हरकतमास्तरांनी अपेक्षेप्रमाणे हरकत घेतली. असं काही होत नसतं, आणि होत असेल तर 'मध्यम' कागदाचं काय, आणि कुणाला नको असेल तर त्याच्यासाठी सेटिंगमध्ये एक...

"चौकोन नाही," मुकादम म्हणाले. "मास्तर, तुम्ही कागद घ्या. दुमडा. एकात एक घाला. मग बोला."

दोन दिवस तिकडून काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी एक फोटो आला. स्वयंपाकघराचं टेबल, त्यावर पुस्तिकांचा ढीग आणि प्रत्येकीची बाहेर आलेली जीभ. खाली दोनच शब्द होते: 'हरकत नाही'. मुकादमांनी ते बायकोला दाखवले, तेव्हा तिनेही चष्मा लावून दोनदा वाचले.

मग दोघांनी कामाला हात घातला. एकेक चौकोन काढताना जुने घाव वर येत होते. प्रत्येक वेळी प्रश्न मात्र एकच: हा कुणाला लागतो? 'जलद छपाई'पाशी आल्यावर मुकादमांनी घाईघाईने तो स्वतःकडे घेतला. जुन्या तहांचं दफ्तर रिकामं झालं आणि खिडकीत उरलं एक चित्र, एक प्रश्न आणि एक बटण.

संचवाल्यांनी निकालाच्या दिवशी चर्चा केली नाही. त्यांनी एक अनोळखी संगीतशिक्षिका संगणकासमोर बसवली. तिला विद्यार्थ्यांसाठी गाण्यांची चोपडी छापायची होती. तिचा पडदा आणि तिचे हात मुकादमांना आणि हरकतमास्तरांना आपापल्या घरी दिसत होते. दोघांचे माइक बंद ठेवले होते. खबरदारी म्हणून बाईंनी कॅमेरेही बंद करायला लावले होते. भुवयांचा भरवसा नव्हता.

शिक्षिकेने पानजोड उघडलं. थोडा वेळ बघितलं.

मुकादमांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. इथेच लोक बंद करतात. बायको येऊन मागे उभी राहिली. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो चांगलाच दाबला.

शिक्षिकेने चोपडीच्या चित्रावर टिचकी मारली. 'कागद जाड की पातळ?' तिने कागद बोटांत चोळून पाहिला. जाड. छापा. कागद बाहेर आले, तिने दुमडले, टाचण्या मारल्या आणि पट्टी धरून कड कापली. मधलं पान उघडलं. आकडा जागच्या जागी, शाबूत.

"एवढंच?" ती म्हणाली. "मला वाटलं, अजून काहीतरी करायचं असेल."

पानजोड संचात राहिलं. संचवाल्यांनी तसं कळवलं तेव्हा हरकतमास्तर फोनवर नुसते नाक ओढत राहिले आणि सर्दी झाली आहे म्हणाले. मुकादमांनी पुठ्ठ्याचा तो पडदा बाईंकडून मागून घेतला होता. तो त्यांनी बैठकीच्या खोलीत भिंतीवर, मधोमध, खिळा ठोकून टांगला. काही वस्तू पुढच्या पिढ्यांसाठी जपायच्या असतात. बायकोने भिंतीला पडलेला खड्डा पाहिला, पुठ्ठा पाहिला, नवऱ्याचा चेहरा पाहिला, आणि त्या दिवसापुरतं सोडून दिलं.

मग मुकादमांनी आत्याला फोन लावला. घसा साफ केला.

"आत्या, ऐक. आजपासून देशोदेशीच्या संगणकांवर, ज्यांना आपण कधी बघितलं नाही, बघणारही नाही अशा लोकांच्या घरांत, शाळांत, तुझ्या या टेबलावर जन्मलेली कल्पना—"

"राहिलं का तुझं ते?"

"राहिलं, आत्या! राहिलं!"

"बरं झालं बाबा. जीव टांगणीला लागला होता माझाही." पलीकडे मशीनचं पातं खाली आल्याचा आवाज झाला. "ढब्बू, एक काम कर. येशील तेव्हा माझा तो पुठ्ठा परत आण. मध्ये भोक पाडून ठेवलंयस, पण कडेच्या पट्ट्या कामाला येतील."